मोटार जळाली की वीजच नाही?
पुरुषांमधील संप्रेरक-उद्दीपन चाचणीची ओळख



जळगाव व धुळे परिसरातील विवाहपूर्व मार्गदर्शन शिबिरांत आम्ही एक पेटी ठेवतो. चारचौघांत विचारता येत नाही असा प्रश्न नाव न घालता चिठ्ठीवर लिहावा व त्या पेटीत टाकावा, अशी सूचना असते. अशाच एका चिठ्ठीत पुढील मजकूर होता: ‘फादर, माझ्या भावाचे वय बावीस आहे. त्याला दाढी-मिशी नाही, आवाजही लहान मुलासारखा आहे. एका डॉक्टरांनी ताकदीची इंजेक्शने सुरू केली आहेत. पुढच्या वर्षी त्याचे लग्न करायचे आहे. मुलीकडच्यांना काही सांगावे काय?’

त्या दिवशी मी केवळ शेवटच्या वाक्याचे उत्तर दिले. सत्य लपवू नये, असे सांगितले आणि पुढची चिठ्ठी उघडली. घरी परतल्यावर मात्र ते उत्तर अपुरे असल्याची जाणीव झाली. त्या भावाला नेमके काय झाले आहे हे कोणालाच ठाऊक नसेल, तर मुलीकडच्यांना सांगायचे तरी काय? आणि निदान होण्यापूर्वीच इंजेक्शने सुरू करणे योग्य होते काय? त्यानंतर मी जाणकार डॉक्टरांना भेटलो, काही वाचन केले. त्यातून जे उमगले ते वाचकांपुढे साध्या शब्दांत मांडण्याचा हा प्रयत्न आहे. विषय नाजूक आहे. परंतु परमेश्वराने निर्माण केलेल्या शरीराविषयी आदराने बोलण्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

मेंदूपासून वृषणापर्यंतची साखळी

मुलाचे पुरुषात रूपांतर करणारे प्रमुख संप्रेरक म्हणजे टेस्टोस्टेरॉन. ते वृषणांत तयार होते. परंतु वृषण स्वतःच्या मर्जीने काम करीत नाहीत. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा लहानसा भाग आहे. तेथून दर तास-दोन तासांनी जीएनआरएच या संप्रेरकाचा एक झोत निघतो. तो जवळच असलेल्या पीयूषिका ग्रंथीला जागे करतो. ही ग्रंथी एलएच व एफएसएच अशी दोन संप्रेरके रक्तात सोडते. एलएच वृषणांकडून टेस्टोस्टेरॉन तयार करवून घेते, तर एफएसएच व वृषणातील टेस्टोस्टेरॉन यांच्या साहाय्याने शुक्राणू तयार होतात.

आपल्या रावेर-यावल भागातील केळीच्या बागायतदाराला ही रचना समजावून सांगणे अवघड नाही. बागेला पाणी देणारी मोटार म्हणजे वृषण. मोटार चालू करणारा स्टार्टर म्हणजे पीयूषिका ग्रंथी. स्टार्टरला वीज पुरविणारी डीपी म्हणजे हायपोथॅलॅमस. टाकी भरली की मोटार आपोआप बंद करणारा तरंगता गोळाही या रचनेत आहे: रक्तात टेस्टोस्टेरॉन पुरेसे झाले की मेंदूला तसा निरोप जातो आणि वरची संप्रेरके कमी होतात.

आता बागेत पाणी आले नाही, तर शहाणा शेतकरी काय करतो? तो थेट नवी मोटार विकत आणत नाही. डीपीवर वीज आहे काय, स्टार्टर उचलतो काय, की मोटारच जळाली आहे, हे तो क्रमाने पाहतो. पाणी न येणे ही तक्रार एकच असते. परंतु बिघाड कोठे आहे यावर दुरुस्ती ठरते.

वृषणांचे कार्य मंदावण्याच्या विकाराला वैद्यकशास्त्रात हायपोगोनॅडिझम म्हणतात. त्याचे दोन मुख्य प्रकार आहेत. बिघाड वृषणातच असेल तर तो प्राथमिक प्रकार. वृषण ठीक आहेत, पण त्यांना मेंदूकडून आज्ञाच मिळत नाही, तो दुय्यम प्रकार. रुग्णाकडे पाहून हे दोन प्रकार नेहमी ओळखू येत नाहीत. दोघांनाही दाढी विरळ, दोघांचेही स्नायू दुबळे, दोघेही थकलेले. म्हणून तपासणी आवश्यक ठरते.

कोणती लक्षणे दिसतात?

मुलगा १४ वर्षांचा होईपर्यंत वृषणांची वाढ सुरू झाली नसेल, तर त्याला वयात येण्यास विलंब झाला असे डॉक्टर मानतात. वाढ मोजण्यासाठी त्यांच्याकडे १ ते २५ मिलिलिटर आकाराच्या बारा मण्यांची एक माळ असते. स्विस बालरोगतज्ज्ञ आन्द्रेआ प्राडर यांच्या नावाने ती ओळखली जाते. पुढे आवाज न फुटणे, दाढी-मिशी न येणे, हातपाय धडाच्या मानाने लांब वाढणे, छाती स्त्रीसारखी भरणे, ही लक्षणे दिसतात. प्रौढ पुरुषात इच्छा मंदावणे, थकवा, रक्त कमी होणे, हाडे ठिसूळ होणे व अपत्य न होणे, अशा रूपांत हा विकार प्रकट होतो.

एक साधा प्रश्न डॉक्टर आवर्जून विचारतात: ‘तुला वास येतो काय?’ प्रश्न विचित्र वाटतो, पण त्यामागे मोठे कारण आहे. गर्भावस्थेत जीएनआरएच तयार करणाऱ्या पेशी नाकाच्या भागात जन्म घेतात व तेथून मेंदूकडे प्रवास करतात. हा प्रवास अर्ध्यावर थांबला, तर वासाची जाणीव व वयात येणे या दोन्ही गोष्टी बाधित होतात. १९४४ साली फ्रान्झ कालमन यांनी अशा कुटुंबांचे वर्णन केले, म्हणून या विकाराला कालमन सिंड्रोम असे नाव पडले. ज्या मुलाला चुलीवर भाजल्या जाणाऱ्या वांग्याचा किंवा मंदिरातील धूपाचा वास कधी आलाच नाही, त्याने ही गोष्ट डॉक्टरांना अवश्य सांगावी. ती सांगण्यास पैसे लागत नाहीत, परंतु निदानाची निम्मी वाट त्यातून सुकर होऊ शकते.

पहिली पायरी: सकाळचे रक्त

उद्दीपन चाचणीपूर्वी साध्या रक्ततपासण्या होतात. टेस्टोस्टेरॉनचे प्रमाण सकाळी सर्वाधिक असते व दिवस चढेल तसे उतरते. म्हणून नमुना सकाळी, शक्यतो उपाशीपोटी घेतात आणि एकदा कमी आढळल्यास दुसऱ्या दिवशी पुन्हा तपासतात. प्रौढ पुरुषात हे प्रमाण साधारणपणे ३०० ते १००० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर असते. प्रत्येक प्रयोगशाळेच्या मर्यादा थोड्या वेगळ्या असू शकतात. ताप, मोठे आजारपण किंवा उपासमार असताना हे प्रमाण तात्पुरते खाली येते. त्यामुळे आजारात काढलेल्या अहवालावरून निष्कर्ष काढू नये.

त्याच रक्तात एलएच व एफएसएच पाहिले जातात. टेस्टोस्टेरॉन कमी व ही दोन्ही वाढलेली, म्हणजे मेंदू ओरडून सांगत आहे पण वृषण ऐकत नाहीत: मोटार जळाली आहे. टेस्टोस्टेरॉन कमी आणि ही दोन्हीही कमी किंवा जेमतेम, म्हणजे वरूनच वीज येत नाही. अनेक प्रौढ रुग्णांत एवढ्यावरच दिशा कळते व पुढच्या उद्दीपन चाचणीची गरज राहत नाही. हे मुद्दाम सांगितले पाहिजे, कारण महागडी तपासणी म्हणजे चांगली तपासणी, असा आपल्याकडे समज आहे.

दुय्यम प्रकारात प्रोलॅक्टिन, थायरॉइड, शरीरातील लोह व पीयूषिकेची अन्य संप्रेरके तपासतात आणि गरजेनुसार मेंदूचा एमआरआय काढतात. सतत डोकेदुखी व दोन्ही बाजूंचे कमी दिसू लागणे ही पीयूषिकेतील गाठीची लक्षणे असू शकतात. ती अंगावर काढू नयेत.

उद्दीपन चाचणी म्हणजे काय?

साध्या तपासणीत ग्रंथी शांत आहे एवढेच कळते. ती बिघडल्यामुळे शांत आहे की कोणी हाकच न मारल्यामुळे, हे काही वेळा कळत नाही. तेव्हा तिला बाहेरून हाक मारून ती ओ देते काय ते पाहावे लागते. यालाच उद्दीपन चाचणी म्हणतात. पुरुषांच्या बाबतीत अशा दोन प्रमुख चाचण्या आहेत.

पहिली एचसीजी चाचणी. एचसीजी हे गर्भवती स्त्रीच्या शरीरात तयार होणारे संप्रेरक असून वृषणांवर त्याचा परिणाम हुबेहूब एलएचसारखा होतो. स्टार्टरला वगळून जनरेटर थेट मोटारीला जोडावा, तशी ही चाचणी आहे. आधी रक्त घेऊन टेस्टोस्टेरॉन मोजतात, मग एचसीजीचे इंजेक्शन देतात व काही दिवसांनी पुन्हा रक्त घेतात. प्रौढात बहुधा एकच मोठी मात्रा देऊन दोन ते चार दिवसांनी तपासतात. लहान मुलांत तीन दिवस रोज किंवा दोन-तीन आठवडे आठवड्यातून दोनदा लहान मात्रा देण्याची पद्धत आहे. टेस्टोस्टेरॉन भरपूर वाढले, तर मोटार शाबूत आहे. जराही हलले नाही, तर वृषण निकामी आहेत किंवा मुळातच नाहीत.

ही चाचणी सर्वाधिक उपयोगी पडते ती लहान मुलांत. बाळाचे दोन्ही अंडगोल हाताला लागत नसतील, तर ते पोटात अडकले आहेत की अस्तित्वातच नाहीत, हा प्रश्न उभा राहतो. एचसीजी दिल्यावर टेस्टोस्टेरॉन वाढले, तर ते कोठेतरी आहेत व शस्त्रक्रियेने खाली आणण्याचा प्रयत्न करता येतो. येथे मातांसाठी एक महत्त्वाची माहिती: जन्मानंतरच्या पहिल्या सहा महिन्यांत मुलग्याच्या शरीरात ही संप्रेरके काही काळ निसर्गतःच वाढलेली असतात. त्या दिवसांत इंजेक्शनावाचून केवळ साध्या रक्ततपासणीने पुष्कळ काही कळू शकते. तो काळ निघून गेला की साखळी थेट वयात येईपर्यंत झोपी जाते. म्हणून बाळाला आंघोळ घालताना अंडगोल जाणवत नसल्यास ‘मोठा झाल्यावर उतरतील’ म्हणून थांबू नये. सहा महिन्यांपर्यंत ते उतरले नाहीत तर शल्यविशारदाचा सल्ला घ्यावा. शस्त्रक्रिया साधारणपणे दीड वर्षाच्या आत करावी, असे तज्ज्ञ सांगतात.

दुसरी जीएनआरएच चाचणी. हिच्यात डीपीऐवजी बाहेरून वीज देऊन स्टार्टर तपासला जातो. शिरेतून १०० मायक्रोग्रॅम जीएनआरएच देतात आणि त्यापूर्वी व नंतर अर्ध्या तासाने, तासाने रक्त घेऊन एलएच व एफएसएच मोजतात. काही केंद्रांत त्याऐवजी ट्रिप्टोरेलिन किंवा ल्युप्रोलाइड ही त्याच जातीची, अधिक काळ टिकणारी औषधे वापरतात. मग रक्त घेण्याच्या वेळाही बदलतात. एलएच चांगले उसळले, तर पीयूषिका काम करू शकते. वृषणे निकामी असलेल्या पुरुषात ते वाजवीपेक्षा अधिक उसळते. पीयूषिका नष्ट झाली असेल, तर काहीच हालचाल होत नाही.

या चाचणीला मर्यादा आहेत व त्या जाणून घेणे आवश्यक आहे. वर्षानुवर्षे वीज न मिळालेला स्टार्टर पहिल्याच झटक्यात उचलेल असे नाही. हायपोथॅलॅमसच्या बिघाडात पीयूषिका निरोगी असूनही पहिल्या इंजेक्शनाला दुबळा प्रतिसाद देऊ शकते. काही दिवस पुन्हा पुन्हा जीएनआरएच दिल्यावर ती जागी होते. त्यामुळे एका चाचणीवरून दोष हायपोथॅलॅमसचा की पीयूषिकेचा, हे नेहमी सांगता येत नाही. पौगंडावस्थेतील मुलगा केवळ उशिरा वयात येणारा आहे की त्याला कायमचा विकार आहे, हे ठरविण्यासाठी ही चाचणी करतात. तेथेही दोन्ही गटांचे आकडे काही प्रमाणात एकमेकांत मिसळतात. म्हणून अनुभवी डॉक्टर अहवालाबरोबरच मुलाची उंची, हाडांचे वय, वडील व मामा कधी वयात आले, हे सारे विचारतात आणि प्रसंगी सहा महिने थांबून पुन्हा पाहतात. थांबणे हाही वैद्यकीय निर्णयच असतो.

या चाचण्या बहुतांशी सुरक्षित आहेत. सुईची वेदना, क्षणभर अंग तापल्यासारखे वाटणे, एचसीजीनंतर छातीत हुळहुळणे, एवढाच त्रास बहुधा होतो. पीयूषिकेत मोठी गाठ असेल तर मात्र जीएनआरएच चाचणीत क्वचित धोका संभवतो. म्हणून ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच व्हावी.

धर्मभगिनींचे अज्ञात योगदान

या संशोधनाचा इतिहासही रंजक आहे. लाखो मेंढ्या व डुकरांच्या मेंदूंतून कणाकणाने द्रव्य गोळा करून रॉजर गिलमाँ व अँड्र्यू शॅली यांच्या गटांनी १९७१च्या सुमारास जीएनआरएचची रचना उलगडली. रक्तातील अत्यल्प संप्रेरक मोजण्याची पद्धत रोझॅलिन यॅलो यांनी सहकाऱ्यासह विकसित केली. या तिघांना १९७७ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले.

आपल्या वाचकांना विशेष वाटेल अशी गोष्ट याही आधीची आहे. ऋतुनिवृत्त स्त्रियांच्या मूत्रात एलएच व एफएसएच मोठ्या प्रमाणात उतरतात, हे रोममधील शास्त्रज्ञ पिएरो दोनिनी यांनी ताडले व त्यापासून औषध तयार केले. परंतु त्यासाठी लागणारे मूत्र आणायचे कोठून? १९५०च्या दशकाच्या अखेरीस ब्रुनो लुनेनफेल्ड या तरुण ज्यू डॉक्टरांनी सेरोनो कंपनीपुढे हा प्रस्ताव मांडला. पोप पायस बारावे यांचे पुतणे जुलिओ पाचेल्ली त्या कंपनीशी संबंधित होते. त्यांच्या मध्यस्थीने इटलीतील मठांत राहणाऱ्या वृद्ध धर्मभगिनींनी दररोज आपले मूत्र या कार्यासाठी दिले. स्वतः मातृत्वाचा त्याग केलेल्या या भगिनींच्या साहाय्याने अनेक निराश दांपत्यांच्या घरी पाळणा हलला. पुढे हेच औषध एचसीजीच्या जोडीने दुय्यम प्रकारच्या पुरुषांनाही देण्यात येऊ लागले. आज ही संप्रेरके प्रयोगशाळेतही तयार होतात.

आपल्या खानदेशात काय लक्षात घ्यावे?

आपले लोक भुसावळच्या रेल्वे वसाहतीपासून साक्री-शिरपूरच्या आदिवासी पाड्यांपर्यंत विखुरलेले आहेत. या भागात तीन गोष्टी विशेष ध्यानात ठेवाव्यात.

पहिली, सिकलसेल. सातपुड्याच्या पट्ट्यातील आदिवासी समाजांत हा आनुवंशिक रक्तविकार आढळतो. १ जुलै २०२३ रोजी देशपातळीवर सिकलसेल निर्मूलन अभियान सुरू झाले. या आजाराच्या मुलग्यांची वाढ व वयात येणे बहुधा लांबते. पुष्कळ मुले उशिरा का होईना वयात येतात. काहींच्या वृषणांना किंवा पीयूषिकेला मात्र इजा पोहोचते. अशा मुलाला रक्तविकाराच्या डॉक्टरांना न विचारता कोणतेही संप्रेरक देऊ नये.

दुसरी, कुष्ठरोग. त्याच्या जंतूंना शरीराचे थंड भाग मानवतात व वृषण हा तसा भाग आहे. म्हणून जुन्या व तीव्र कुष्ठरोगाच्या पुरुषात वृषणे कायमची दुबळी होऊ शकतात. जखमा भरल्या, औषधोपचार पूर्ण झाले, तरी अशा बंधूची ही तक्रार कोणी विचारीत नाही. लवकर उपचार घेणे हाच यावरचा खरा उपाय होय.

तिसरी, जन्मजात गुणसूत्रदोष व गालगुंड. १९४२ साली वर्णिलेल्या क्लाइनफेल्टर विकारात मुलग्याला एक जादा एक्स गुणसूत्र असते. तो साधारणपणे ५०० ते १००० मुलग्यांमागे एकात आढळतो आणि अनेकांना विवाहानंतर मूल न झाल्यावरच कळतो. वयात आल्यानंतर गालगुंड झाल्यास काहींच्या वृषणांना सूज येते व क्वचित ते कायमचे दुबळे होतात.

इंजेक्शनाची घाई का नको?

आता चिठ्ठीतील भावाकडे वळू. ‘ताकदीचे इंजेक्शन’ म्हणजे बहुधा टेस्टोस्टेरॉन. ते घेतल्यावर आवाज फुटतो, दाढी येते, अंगात जोर वाटतो. घरचे आनंदित होतात. परंतु हे टँकरने टाकी भरण्यासारखे आहे. टाकी भरलेली पाहून तरंगता गोळा मोटार बंद करतो. बाहेरून टेस्टोस्टेरॉन मिळाले की मेंदू एलएच व एफएसएच आणखी कमी करतो आणि शुक्राणू तयार होणे थांबते. निरोगी पुरुषातही असेच घडते. शरीर कमावण्यासाठी व्यायामशाळेत अशी इंजेक्शने घेणारे तरुण याच मार्गाने अपत्यप्राप्तीची क्षमता गमावून बसतात व ती परत येण्यास कित्येक महिने, कधी वर्षाहून अधिक काळ लागतो.

ज्याची मोटारच जळाली आहे, अशा प्राथमिक प्रकारच्या रुग्णाला टेस्टोस्टेरॉन हेच योग्य औषध आहे. हाडे, रक्त, स्नायू व मन यांच्या आरोग्यासाठी ते त्याला बहुधा आयुष्यभर लागते. परंतु ज्याची मोटार शाबूत आहे व केवळ वीज नाही, त्याला एचसीजी व गरजेनुसार एफएसएच दिले, तर त्याचे स्वतःचे वृषण जागे होतात. हा उपचार सहा महिन्यांपासून दोन वर्षांपर्यंत चालतो, खर्चिक आहे व चिकाटी मागतो. पण त्याने बहुसंख्य रुग्णांत शुक्राणू तयार होतात आणि कित्येकांना नैसर्गिक रीतीने अपत्य होते. बाप होऊ शकणाऱ्या तरुणाला चुकीच्या औषधावर वर्षानुवर्षे ठेवणे, ही त्याच्यावर व त्याच्या भावी पत्नीवर केवढी अन्यायाची गोष्ट आहे!

ज्याने इंजेक्शने आधीच सुरू केली आहेत, त्याने घाबरू नये व आपल्या मनाने ती बंदही करू नयेत. तज्ज्ञांना सर्व सांगावे. ते योग्य काळ थांबवून तपासणी करतात. बसस्थानकाच्या भिंतीवर गुप्त रोगांची हमखास दवा रंगविणाऱ्यांपासून मात्र दूर राहावे. अशा जाहिरातींना १९५४च्या औषधे व जादुई उपाय कायद्याने बंदी आहे.

विवाह, सत्य व ख्रिस्तसभेची शिकवण

ख्रिस्तसभेची या बाबतीतील भूमिका पुष्कळांना ठाऊक नसते. १९८३च्या धर्मसभा कायद्यातील कलम १०८४ नुसार वंध्यत्व हे विवाहाला अडथळा नाही. त्यामुळे विवाह अवैध ठरत नाही. शरीरसंबंधाची कायमची व विवाहापूर्वीपासूनची असमर्थता ही वेगळी बाब असून तिने विवाह अवैध होतो. परंतु याविषयी शंका असेल, तर त्या शंकेपोटी विवाह रोखता येत नाही. उपचाराने बरी होणारी दुर्बलता ही कायमची असमर्थता नव्हे. म्हणजे येथेही निदानच निर्णायक ठरते.

त्याच कायद्याचे कलम १०९८ फसवणुकीविषयी आहे. वैवाहिक जीवनाला गंभीर बाधा आणणारी बाब संमती मिळविण्यासाठी हेतुपुरस्सर लपविली, तर तो विवाह अवैध ठरू शकतो. म्हणून चिठ्ठीतील प्रश्नाचे पूर्ण उत्तर असे: होय, सांगावे, पण आधी तपासणी करून, खरे काय आहे ते जाणून, त्या मुलाने स्वतः त्या मुलीला विश्वासात घेऊन सांगावे. गावभर चर्चा करण्याची गरज नाही.

उपचारांविषयीही शंका नको. वंध्यत्वावरील संप्रेरक-उपचार नैसर्गिक गर्भधारणेतील अडथळा दूर करतात, म्हणून ते उचित आहेत, असे ‘डिग्निटास पर्सोने’ या २००८च्या दस्तऐवजात व्हॅटिकनने स्पष्ट केले आहे. पती-पत्नींच्या मीलनाची जागा घेणाऱ्या कृत्रिम पद्धती मात्र ख्रिस्तसभा स्वीकारीत नाही. उद्दीपन चाचणी तर केवळ रक्ताची तपासणी आहे.

सर्व उपाय थकले तरी विवाहाचे मोल कमी होत नाही, असे पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९८१ साली कुटुंबाविषयीच्या आपल्या पत्रात लिहिले. पूर्वी ख्रिस्ती दांपत्याला १८९०च्या कायद्यानुसार मुलाचे केवळ पालकत्व मिळत असे. आज २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार पूर्ण कायदेशीर दत्तक घेता येते. यशया संदेष्ट्याने तर अपत्यहीन नपुंसकांनाही परमेश्वराच्या घरात मुलाबाळांहून श्रेष्ठ नाव मिळेल, असे आश्वासन दिले आहे. ज्यांना समाजाने कमी लेखले, त्यांच्यासाठी हे शब्द आहेत.

आणखी एक गोष्ट जड अंतःकरणाने लिहितो. मूल झाले नाही की आपल्याकडे सुनेला दवाखाने दाखविले जातात, उपवास-नवसही तिच्याच वाट्याला येतात. मुलाला मात्र कोणी साधी रक्ततपासणी करायला सांगत नाही. पहिल्या भेटीपासून दोघांची तपासणी व्हावी, हा न्याय आहे. ज्या सासूने सुनेला बोल लावण्यापूर्वी मुलाला डॉक्टरांकडे पाठविले, तिने मोठे पुण्यकर्म केले असे मी समजतो.

कोठे जावे?

प्रथम आपल्या कुटुंबाच्या डॉक्टरांकडे किंवा जळगाव, धुळे येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात जावे. गुंतागुंत असल्यास अंतःस्रावतज्ज्ञांकडे पाठविण्याची विनंती करावी. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयात या शास्त्राचा स्वतंत्र विभाग आहे. जाताना जुने सर्व अहवाल, घेतलेल्या इंजेक्शनांची वेष्टने व चालू औषधांची यादी बरोबर न्यावी. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असल्यास तेही सांगावे, कारण त्यामुळे संप्रेरकांचे अहवाल चुकू शकतात. लहानपणीची शस्त्रक्रिया, गालगुंड, डोक्याला लागलेला मार, वास न येणे, यांपैकी काहीही लपवू नये. बेनसिराच्या ग्रंथात वैद्याचा मान राखावा असे सांगितले आहे. त्याच्याशी खरे बोलणे हाही त्या मानाचाच भाग होय.

ती चिठ्ठी लिहिणारी बहीण किंवा भाऊ हे वाचीत असेल, तर माझे उशिरा आलेले उत्तर स्वीकारावे. तुमच्या भावाला घेऊन कोणीतरी एका सकाळी, उपाशीपोटी, रक्त द्यायला जा. लग्नाची तारीख त्यानंतर ठरवा. प्रभू येशू तुमच्या कुटुंबाला धैर्य देवो व उत्तम आरोग्य देवो.